हाल्फासचा घोगरा आवाज

१

पारव्यांच्या बुरुजाचं दार उघडलं आणि नगराध्यक्ष ओस्टरकाम्प विंचू चावल्यासारखे मागे सरले.

"काय झालं? आत काय आहे?" ढकलगाडीत बसलेल्या डॉक्टर रिंकनी विचारलं.

डॉक्टर रिंक हे ग्रीझेनाऊ गावाचे कायदेपंडित. औषधाचे नव्हे, कायद्याचे डॉक्टर. पायाच्या अंगठ्यात संधिवात असा घुसला होता की वर्षभर त्यांनी जमिनीला पाय लावला नव्हता. त्यांची स्वयंपाकीण गेशे त्यांना एकचाकी ढकलगाडीत घालून गावभर फिरवायची. गेशेचे दंड लोहाराला लाजवतील असे होते आणि जीभ न्हाव्याला.

"गेशे, ढकल पुढे."

"मालक, पुढे पाद्रीबुवा उभे आहेत."

"मग पाद्रीबुवांना ढकल."

पाद्री क्वास्ट आपण होऊनच बाजूला झाले आणि डॉक्टरांना आतलं दिसलं. बंदुका, भाले, तलवारी, बंदुकीच्या दारूची पिंपं. माणसाच्या छातीला लागेल एवढा ढीग, भिंतीला रेलून पडलेला. वरून उतरणाऱ्या उजेडाच्या तिरिपेत धूळ अजून तरंगत होती.

दोन वर्षांपूर्वी स्वीडनच्या फौजेने गावाचं रक्षण करायचं कबूल केलं, ते एका अटीवर. गावातलं प्रत्येक हत्यार त्यांच्या हवाली करायचं. पुन्हा एक जरी बंदूक सापडली, तरी गाव शिपायांना लुटायला मोकळं. त्या दिवसापासून हा बुरूज रिकामा होता. दाराला तीन कुलुपं, त्यांच्या किल्ल्या तिघांकडे: नगराध्यक्ष, पाद्री आणि कप्तान द्रेव्स. तिघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नसे. उद्या दुपारी कर्नल एकेफेल्ट तपासणीला यायचा होता. "उद्या शपथ घ्यायची तर आज डोळ्यांनी बघून घेऊ," असं म्हणून नगराध्यक्षांनी सगळ्यांना बोलावलं होतं. कुलुपं जशीच्या तशी होती. त्यांच्यावर गंज होता, ओरखडा नव्हता.

तेवढ्यात ढिगावरून एक करडा पारवा फडफडत उठला आणि गर्दीच्या डोक्यांवरून निघून गेला.

"हाल्फास!" पाद्री क्वास्ट ओरडले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. "मागच्या महिन्यात मी व्यासपीठावरून सांगितलं नव्हतं? हाल्फास, नरकाचा सरदार, युद्धाचं पिशाच्च! पारव्याच्या रूपात येतो, घोगऱ्या आवाजात बोलतो आणि रिकामे बुरूज हत्यारांनी भरतो! त्यानंतर तिथे लढाई ठरलेलीच!"

"आवाज आम्ही ऐकलाय," वेशीवरचा एक पहारेकरी म्हणाला. "रोज संध्याकाळी. याच बाजूने. घोगरा, घसा बसल्यासारखा. आणि काल तर जमीनच हादरली."

पाद्रींनी धाडकन दार लोटून घेतलं. एकेक मान वळू लागली, तटाला टेकून उभ्या असलेल्या एका झोपडीकडे. तिथे विधवा ट्रीने राहायची. ती कबुतरं पाळायची. आणि मागच्या लुटीत गाव पेटलं तेव्हा नवऱ्याला ओढून काढताना तिच्या घशात धूर गेला होता, तेव्हापासून तिचा आवाज घोगरा होता.

"पारवे," गर्दीत कुणीतरी हळूच म्हणालं, "आणि घोगरा आवाज."

झोपडीच्या दारात ट्रीने दाण्यांची टोपली घेऊन उभी होती. तिने टोपली खाली ठेवली. पळायचा प्रयत्नसुद्धा तिने केला नाही.

२

"एक सही, डॉक्टर. एवढंच मागतोय मी."

नगरसभागृहात लांबलचक ओकच्या टेबलाशी नगराध्यक्ष ओस्टरकाम्प बसले होते. लाकडाच्या वखारीत हमाली करत वर आलेला माणूस. अजूनही बोलताना त्यांचा तळवा टेबलावरून असा फिरायचा, जसा घोड्याच्या पाठीवरून फिरावा. गावात शांतता टिकावी म्हणून गेली दोन वर्षं त्यांनी जिवाचं रान केलं होतं, हे डॉक्टरांनाही मान्य होतं.

"कशावर सही?"

"चेटकिणीच्या शिक्षेवर. कायद्याने तुमच्या सहीशिवाय चिता पेटत नाही. उद्या कर्नल येईल. आपण स्वतः त्याला बुरूज दाखवू. सांगू, हे पिशाच्चाचं काम, आणि ज्या बाईने त्याला बोलावलं तिला आम्ही जाळलं. आपली शपथ खोटी ठरत नाही. गाव वाचतं."

"आणि बाईने त्याला बोलावलं नसेल तर?"

"तर बंदुका कुठून आल्या? तीन कुलुपं, डॉक्टर! एक किल्ली माझ्या गळ्यात असते, आंघोळीलाही उतरत नाही."

"तुम्ही आंघोळ करता हे ऐकून आनंद झाला," डॉक्टर म्हणाले. "उद्या न्याहारीपर्यंत वेळ द्या मला."

"न्याहारीनंतर मात्र कारण चालणार नाही."

"कारण नाही देणार, ओस्टरकाम्प. उत्तर देईन."

बाहेर आल्यावर गेशेने गाडी दगडी उतारावरून हिसडा देत खाली नेली. ती संतापलेली असली की रस्त्यातले सगळे खड्डे डॉक्टरांना मोजावे लागत.

"ट्रीने चेटकीण? चेटूक येत असतं तर फाटक्या झोपडीत कोबीचं पाणी पीत बसली असती ती? आणि हे नगराध्यक्ष! मोठे देवभक्त! काल संध्याप्रार्थनेला 'हे आमच्या स्वर्गातल्या बापा' चालू झालं, सगळ्या पुरुषांनी टोप्या काढल्या. यांची टोपी आपली चर्चमधल्या त्यांच्या खास आसनाच्या जाळीवर तशीच ताठ. परवाही तसंच."

"म्हातारं डोकं आहे गं. थंडी वाजत असेल."

"देवासमोर थंडी वाजते होय? मग पाद्रीबुवांचं प्रवचन ऐकून घाम कसा फुटतो सगळ्यांना?"

डॉक्टर हसले. "तळघराकडे चल. आधी चेटकिणीला भेटू."

३

सभागृहाच्या तळघरात ट्रीने उलट्या टोपलीवर बसली होती. गेशेने शालीखालून काळा पाव आणि सॉसेजचा तुकडा काढून तिच्या हातात कोंबला.

"ट्रीनेबाई," डॉक्टर म्हणाले, "मी सरळ विचारतो, तुम्ही सरळ सांगा. संध्याकाळचा तो आवाज तुमचा होता?"

"माझा आवाज मी रोज ऐकते, डॉक्टरसाहेब. तो मला ओळखू येणार नाही?" ती खरखरत म्हणाली. "तो माझा नव्हता. माझ्या डोक्यावर, तटाच्या वाटेवरून यायचा. सगळं गाव प्रार्थनेला गेलं की चालू व्हायचा, लोक परतायच्या आत बंद."

"तुम्ही प्रार्थनेला का गेला नाहीत?"

"माझ्या आवाजाने स्तोत्रं नासतात म्हणे. पाद्रीबुवांनीच सांगितलं, घरी बसून गा."

"वर जाऊन पाहिलं नाहीत, कसला आवाज ते?"

"तटाच्या वाटेवर मला कोण जाऊ देतंय? पूर्वी जायचे. बुरुजाला वरच्या अंगाला एक झरोका आहे, माझ्याएवढ्या बाईला वाकून आत जाता येईल असा. तिथून मी पारव्यांची विष्ठा गोळा करायचे, लोकांच्या भाजीच्या वाफ्यांना विकायचे. दोन वर्षांमागे नगराध्यक्षांनी त्याला फळ्या ठोकल्या. म्हणाले, तपासणीचा बुरूज आहे, तिथे कुणी फिरकायचं नाही. माझं निम्मं पोट तिथेच गेलं."

डॉक्टरांनी डोळे बारीक केले. "दोन वर्षांमागे. हत्यारं जमा केली तेव्हाच?"

"त्याच आठवड्यात."

तळघरातून ते वेशीवर गेले. कप्तान द्रेव्स पहाऱ्याच्या खोलीत बिअरचा मग पुढ्यात घेऊन बसला होता. एकेकाळी घोडदळातला वाघ. पण एका लढाईत गोळीने त्याचा उजवा हात निकामी केला होता आणि तो बाहीत मेलेल्या माशासारखा लोंबायचा. बिअरचा मग त्याने डाव्या हाताने उचलला.

"पिशाच्च खूप पाहिलीत मी, डॉक्टर. काही सम्राटाकडून लढत होती, काही स्वीडनकडून. पारव्याचं एकही नव्हतं."

"मग या बंदुका कुणी आणल्या?"

"मला काय माहीत?"

"सकाळी दार उघडलं तेव्हा सगळे ढिगाकडे बघत होते. तुम्ही छताकडे बघत होतात. का?"

कप्तानाचा मग अर्ध्यावर थांबला. खाली ठेवताना बिअर टेबलावर सांडली.

"संध्याकाळी तुम्ही कुठे असता?"

"इथेच. वेशीवर. माझी माणसं साक्षीला आहेत." त्याने मान फिरवली. "तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकलाय. आता जा तुम्ही."

"त्या बाईचा नवरा तुमच्याच तुकडीत होता ना, कप्तान?"

कप्तानाने नुसतं दाराकडे बोट केलं. गेशेने जाताजाता टेबलावरची बिअर आपल्या फडक्याने पुसली आणि म्हणाली, "तोंड उघडायचं नसेल तर प्यायचं तरी कशाला?"

पाद्री क्वास्ट मात्र बोलायला एका पायावर तयार होते. त्यांच्या खोलीत भिंतभर पुस्तकं होती आणि त्यांतला एकेक सैतान त्यांना नावानिशी, हुद्द्यासकट पाठ होता. ते मनाने वाईट नव्हते. आपल्या विद्येचा कुणी उपयोग करत नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं दुःख होतं.

"सगळं जुळतंय, डॉक्टर! पारवा, घोगरा आवाज, भरलेला बुरूज. एकही खूण चुकलेली नाही!"

"या हाल्फासवर प्रवचन द्यायचं तुम्हाला सुचलं कसं?"

"फौजा जवळ आल्यात ना. नगराध्यक्षच म्हणाले, पाद्रीबुवा, लोकांना युद्धाच्या पिशाच्चांबद्दल सांगा, सावध राहतील. मी चार-पाच सांगितली. हाल्फास त्यांना फार आवडला. पुन्हा पुन्हा विचारून घेतला."

"असं! आणि संध्याप्रार्थना तुम्हीच घेता? रोज?"

"एकही दिवस चुकवलेला नाही. सबंध गाव साक्षी आहे."

"मीही आहे," डॉक्टर म्हणाले. "आता तुमची किल्ली द्या. बाकीच्या दोन मी मागून घेतो. बुरुजात जायचंय."

पाद्रींच्या तोंडचं पाणी पळालं. "आत? अहो, तो आत असेल!"

"असला तर विचारीन त्याला, कर देतोस का म्हणून. गावात राहणाऱ्या प्रत्येकाला कर आहे."

४

बुरुजाचं दार पुन्हा उघडलं तेव्हा बाहेर कुणी थांबलं नाही. गेशेने गाडी ढिगाला भिडवली. डॉक्टरांनी वाकून एक बंदूक ओढून काढली आणि मांडीवर आडवी धरली. नखाने खरवडली. पांढरट करड्या खपल्या गळून पडल्या.

"गेशे, हे काय?"

"पारव्यांची घाण. जुनी. वाळून दगड झालीय."

"एका रात्रीत किती पारवे लागतील एवढी घाण करायला?"

गेशेने पिंपांकडे पाहिलं, भाल्यांच्या दांड्यांकडे पाहिलं. सगळ्यांवर तोच जाड थर होता. "मालक, सगळ्या जर्मनीतले पारवे आणले तरी पुरायचे नाहीत."

"बरोबर. म्हणजे ही हत्यारं पारव्यांच्या खाली दोन वर्षं पडून होती. आता आणखी एक सांग. गेल्या वर्षी आपण इथे तपासणीला आलो होतो, आठवतं? तेव्हा तू हातात काय धरलं होतंस?"

"कंदील. आत काळोख होता मिट्ट."

"आणि आज?"

गेशेने वर पाहिलं. उंचावर, कौलांच्या खाली, पारव्यांच्या भोकांतून लख्ख ऊन आत येत होतं. मध्येच भिंतीतून एक जाड तुळई निघाली होती आणि अर्ध्या हवेत तिरकी लोंबत होती.

"अगं बाई! गेल्या वर्षी इथे छत होतं!"

"छत नव्हे, माळा होता. खालून छत वाटायचा. काढ ती हत्यारं बाजूला."

गेशेने भाल्यांचा भारा गवताच्या पेंडीसारखा उचलून फेकला. खाली मोडक्या फळ्या होत्या, एकीवर एक कोसळलेल्या.

डॉक्टरांनी समाधानाने ढकलगाडीच्या कडेवर थाप मारली. "तीन कुलुपांतून काही आत आलं नाही, कारण यायची गरजच नव्हती. बंदुका बाहेरून आल्या नाहीत. वरून आल्या. आता प्रश्न एकच, माळा आपोआप पडला की कुणी पाडला? ट्रीनेचा झरोका बघायला हवा. तटाच्या वाटेवर गाडी जाईल का?"

"पायऱ्या आहेत, मालक."

"मग?"

गेशेने कपाळावरचा घाम पुसला, पाठ वाकवली आणि म्हणाली, "बसा. पण उद्यापासून डुकराचं मांस बंद."

तटावर शिपायांना फिरायला दगडी वाट होती, वरून कौलांनी झाकलेली. गेशेच्या पाठीवरून डॉक्टर रिंक तिथे पोचले तेव्हा धापा ती टाकत होती आणि घाई ते करत होते. झरोका बुरुजाच्या भिंतीत होता, फळ्या ठोकून बंद. फळ्या जुन्या होत्या, काळ्या पडलेल्या. खिळ्यांची डोकीही गंजकी. पण प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर पकडीचे चकचकीत चरे होते.

"काढलेत आणि परत ठोकलेत," डॉक्टर पुटपुटले. "ओढ."

गेशेने हाताने ओढली तशी फळी सुटून आली. झरोक्याच्या उंबऱ्याखालीच तुळईचं तोंड भिंतीत रुतलेलं होतं. नुसतं तोंड. पुढची तुळई नव्हती. कापलेली बाजू ताज्या लोण्यासारखी पिवळी, गुळगुळीत. फक्त खालची एक चीर तुटून वाकडीतिकडी झाली होती. उंबऱ्यावरच्या घाणीत बारीक भुसा चिकटलेला होता.

"करवत," गेशे म्हणाली. मग तिचे डोळे विस्फारले. "मालक! तो घोगरा आवाज!"

"हो. हाल्फासला दात होते, गेशे. लोखंडाचे." डॉक्टरांनी कापलेल्या लाकडावरून बोट फिरवलं. "इथे सुरक्षित उभं राहायचं, हात आत घालायचा, रोज थोडं थोडं कापायचं. काल शेवटचा घाव. माळा एका बाजूने सुटला आणि सगळं खाली घसरलं. जमीन हादरली ती तेव्हा."

"पण कुणी? प्रार्थनेच्या वेळी कापत होता तो. पाद्रीबुवा समोर उभे असतात. कप्तानाच्या हातात करवत राहील का? तो तर मगसुद्धा डाव्या हाताने उचलतो. ट्रीनेला वर यायची बंदी, आणि आली असती तरी एवढी तुळई तिच्याने कापली असती होय? आणि नगराध्यक्ष तर बसलेले असतात आपल्या जाळीच्या आसनात."

"तू पाहिलंस त्यांना?"

"पाहिलं म्हणजे..." गेशे थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"बोल ना," डॉक्टर हळूच म्हणाले. "काय पाहिलंस?"

"टोपी," गेशे म्हणाली. "मालक, मी फक्त टोपी पाहिली."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरसभागृहात सगळे हजर होते. टेबलावर चितेचा हुकूम आणि शेजारी शाईची दौत ठेवलेली होती. डॉक्टरांनी दौत उचलून गेशेच्या हातात दिली.

"हिला सांभाळ. हिचं इथे काम नाही."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. वाळलेली घाण, छतातून येणारं ऊन, खिळ्यांवरचे चरे, लोण्यासारखी कापलेली तुळई. पाद्री क्वास्ट ऐकताऐकता खुर्चीत खोल खोल जात होते.

"पण पुस्तकात सगळं जुळत होतं," शेवटी ते क्षीण आवाजात म्हणाले.

"जुळणारच, पाद्रीबुवा. तुमच्याच प्रवचनावरून कुणीतरी जुळवलं." डॉक्टर वळले. "ओस्टरकाम्प, जाळीच्या आसनाला मागे एक छोटं दार आहे. ते तटाच्या गल्लीत उघडतं. तुम्ही टोपी जाळीच्या खांबावर अडकवून बाहेर पडायचात. समोरून सगळ्यांना टोपी दिसायची. पण टोपी एक गोष्ट करू शकत नाही. प्रार्थनेच्या वेळी ती स्वतःहून उतरत नाही."

नगराध्यक्षांनी हसण्याचा प्रयत्न केला. "स्वयंपाकिणीच्या चहाडीवर मला फाशी देणार तुम्ही?"

"टोपीचं सोडा. माळा कुणी पाडला हे कळायला आधी माळ्यावर काय आहे हे ज्याला माहीत होतं तो माणूस हवा. झरोक्याला फळ्या कुणी ठोकल्या? तुम्ही. हाल्फासवर प्रवचन कुणी मागून घेतलं? तुम्ही. बुरूज उघडायला काल सगळ्यांना कुणी बोलावलं? तुम्ही. आणि ओकची एवढी तुळई अंधुक उजेडात, हात लांब करून, इतकी सरळ कापणारा या गावात वखारीत वाढलेला एकच माणूस आहे. सुतार म्हणून मी तर तुमचीच शिफारस करीन."

कप्तान द्रेव्स उठून उभा राहिला. रात्रभर तो झोपलेला दिसत नव्हता.

"पुरे झालं, डॉक्टर. हत्यारं आम्ही दोघांनी लपवली. मी आणि ओस्टरकाम्प. निम्मी स्वीडनला दिली, निम्मी माळ्यावर. मदतीला दोन शिपाई होते, ते प्लेगने गेले. गावाला कधीतरी लागतील असं वाटलं. काल दार उघडलं तेव्हा मला वाटलं माळा आपणहून पडला. आणि मग... मग ट्रीनेला धरलं आणि मी गप्प बसलो." तो ओस्टरकाम्पकडे वळला. "तू मला का नाही सांगितलंस रे?"

"सांगून काय केलं असतंस? लढला असतास!" ओस्टरकाम्प उसळले. आता त्यांच्या आवाजात नाटक नव्हतं. "या वेळी कर्नल शिड्या घेऊन येतोय. कौलांपर्यंत तपासणार आहे, मला बातमी होती. माळा सापडला असता की संपलं. एवढी हत्यारं गुपचूप बाहेर काढणार कशी? वेशीवर शंभर डोळे! मग मला वाटलं, आपणच सापडल्यासारखं करावं. दोष पिशाच्चाच्या माथी. देवाशपथ, डॉक्टर, मला वाटलं होतं लोक पिशाच्चावरच थांबतील. ट्रीने माझ्या डोक्यातही नव्हती."

"काल सकाळपर्यंत नव्हती. काल दुपारी तुम्ही माझ्यापुढे हुकूम ठेवलात."

ओस्टरकाम्पचा तळवा टेबलावर पडून होता, हलत नव्हता. "एका पारड्यात एक बाई," ते म्हणाले, "दुसऱ्यात सगळं गाव. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतंत?"

"आधी तराजू तपासला असता. कर्नल वीस वर्षं लढतोय. तो बुरुजात शिरेल, बंदूक उचलेल आणि मला जे कळलं ते त्यालाही कळेल. घाण त्यालाही दिसते हो! मग तुम्ही दोनदा खोटं बोललात हे समजेल, आणि दुसरं खोटं लपवायला एक बाई जाळलीत हेही. तुम्ही तिला गावासाठी जाळत नव्हता, ओस्टरकाम्प. तुम्ही तिच्यासकट गावही जाळत होता."

बाहेर चौकात कोंबड्या ओरडत होत्या.

"मग करायचं काय?" नगराध्यक्षांनी विचारलं. पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले.

"पाद्रीबुवा, तुम्ही तळघराचं कुलूप उघडा. स्वतःच्या हाताने. कप्तान, गावातल्या सगळ्या गाड्या बुरुजाशी आणा. आणि तुम्ही," डॉक्टर म्हणाले, "टोपी घाला आणि माझ्याबरोबर वेशीवर चला. आज ती योग्य वेळी काढायची आहे."

६

दुपारी कर्नल एकेफेल्ट घोडदळासह आला तेव्हा वेस उघडी होती आणि वेशीबाहेर माळरानावर हत्यारांचा डोंगर होता. मागे सगळं गाव उभं होतं. पुढे ढकलगाडी.

"हे काय?" कर्नलने घोड्यावरूनच विचारलं.

ओस्टरकाम्पनी टोपी काढली. "दोन वर्षांपूर्वी मी आपल्यासमोर खोटी शपथ घेतली. ही हत्यारं मी लपवली होती. गावाला माहीत नव्हतं."

"मीही लपवली," कप्तान द्रेव्स त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

कर्नल खाली उतरला. त्याने एक बंदूक उचलली, चाप ओढला. चाप हलला नाही. त्याने जोर केला तसा लाकडी दस्ता कुजक्या दातासारखा मोडून हातात आला आणि पांढरा चुरा त्याच्या बुटांवर सांडला. मग त्याने एका पिंपाचं झाकण काढलं. बंदुकीच्या दारूचा ओला चिखल झाला होता. मागचे घोडेस्वार हसायला लागले.

"या बंदुकांनी माझ्याशी लढणार होतात?" कर्नलही हसला. मग हसू पुसून टाकलं. "इकडे येताना मला वाटेत कळलं, तुमच्या गावात पिशाच्च शिरलंय म्हणून. कुठे आहे?"

"हाल्फास नावाचा होता, कर्नलसाहेब," डॉक्टर म्हणाले. "चौकशी केली. तो इथला रहिवासी नाही."

"माझ्या पलटणीतही त्या नावाचा कुणी नाही. तू कोण? गाडीत का बसलायस?"

"मी गावाचा वकील. उभा राहिलो तर फार वेळ बोलतो, म्हणून गावाने बसवून ठेवलंय."

कर्नलने त्यांच्याकडे, मग गर्दीकडे, मग दोघा अपराध्यांकडे पाहिलं. हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. सापडलेलं हत्यार एक गोष्ट, आपण होऊन बाहेर आणून टाकलेलं दुसरी.

"गावाला हात लावत नाही," तो शेवटी म्हणाला. "पण शपथ मोडणारा मोकळा सोडला तर उद्या प्रत्येक गाव मोडेल. एक माणूस ओलीस नेतो. तह होईपर्यंत छावणीत राहील. तिथून सगळेच परत येतात असं नाही, हेही सांगून ठेवतो." त्याने कप्तानाच्या लोंबत्या हाताकडे बोट केलं. "हा नको. याला कोण खायला घालणार? तो दुसरा."

ओस्टरकाम्पनी मान हलवली. त्यांना घोडा दिला नाही. दोन स्वारांच्या मधून ते चालू लागले. गर्दीच्या कडेला ट्रीने उभी होती, गेशेची शाल पांघरून. तिच्यासमोर आल्यावर ते थांबले. स्वाराने हटकलं तरी हलले नाहीत.

"ट्रीने," ते म्हणाले, "माझ्या तोंडाने मागू नये, पण... माफ कर मला."

सगळं गाव कान देऊन उभं होतं. पाद्री क्वास्टनी मान खाली घातली. ट्रीनेने त्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग शाल काढली आणि त्यांच्या खांद्यांवर टाकली. शिपायाची बायको होती ती; छावणीतली थंडी तिला माहीत होती.

"आत्ता नाही," ती आपल्या खरखरत्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "जिवंत परत या. मेलेल्या माणसाला शिव्या देता येत नाहीत, आणि मला तुम्हाला खूप द्यायच्यात."